दाखल्याच्या आधीची वर्षे

2011 साली झालेल्या खानेसुमारीत अपंगत्वासंबंधी जे प्रश्न घरोघर विचारले गेले, त्यांत दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, बौद्धिक मांद्य आणि मानसिक आजार यांना निरनिराळे रकाने होते, आणि जे कशातच बसत नाही त्याच्यासाठी ‘अन्य’ असाही एक रकाना राखून ठेवलेला होता. परंतु डोळे शाबूत, कान शाबूत, बुद्धी चांगली, शेताच्या आणि घरच्या कामात तरबेज, आणि तरीही चौथीच्या वर्गात बसून दुसरीच्या पुस्तकातील चार ओळी ज्याला धड वाचता येत नाहीत, अशा मुलासाठी त्या तक्त्यात स्वतंत्र जागा नव्हती. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या आष्टी तालुक्यात, जेथे कापूस, तूर आणि संत्रा यांवर बहुतेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो आणि ज्या गावाचे नाव 16 ऑगस्ट 1942 च्या नागपंचमीपासून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कोरले गेले आहे, तेथे अशी मुले किती आहेत, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे खानेसुमारीच्या दप्तरात सापडत नाही.

तथापि अंदाज बांधण्यास आधार आहे. सीमाभागातील बेळगाव शहरात तिसरी-चौथीच्या मुलांची पायरीपायरीने तपासणी करून जो अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा 15 मुलांमध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची अध्ययन-अक्षमता आढळली. देशात अन्यत्र झालेल्या पाहण्यांतील आकडे सामान्यतः शेकडा 5 पासून 15 पर्यंत फिरतात, आणि हा फरक बराचसा तपासणीच्या पद्धतीमुळे व निकषांमुळे पडतो. त्यातील सर्वांत लहान आकडा धरला, तरी तीस मुलांच्या वर्गात असे एखाददुसरे मूल असणारच. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा-वीस वर्षे शिकवलेल्या प्रत्येक गुरुजींच्या हाताखालून अशी मुले गेलेली आहेत. त्यांना कोणी ‘ढ’ म्हटले, कोणी आळशी म्हटले, आणि आईबापांनी ‘लेकराचं ध्यानच नाही अभ्यासात’ असे म्हणून नशिबाला बोल लावला.

वैद्यकशास्त्राने ही अवस्था ओळखली त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. 1896 साली डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. खेळात चपळ, बोलण्यात तल्लख, अंकांची उदाहरणे सोडविण्यात बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी नसलेला हा मुलगा सातव्या वर्षापासून शिकवणी मिळत असूनही अगदी लहान शब्दांपाशी अडत असे, आणि त्याच्या शिक्षकांचे मत असे होते की सर्व विद्या तोंडीच द्यावयाची असती तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता. पुढे 1963 साली अमेरिकेतील सॅम्युएल कर्क यांनी अशा निरनिराळ्या अडचणींना एका छत्राखाली आणणारी संज्ञा रूढ केली, आणि आपल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या परिशिष्टात तीच ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाने आली. बोललेली वा लिहिलेली भाषा मेंदूत ग्रहण करून तिच्यावर प्रक्रिया करण्यात उणीव राहिल्यामुळे आकलन, वाचन, लेखन, शुद्धलेखन किंवा गणन यांत जी अडचण उत्पन्न होते ती, असे तिचे कायद्यातील स्वरूप आहे. वाचनाशी निगडित डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित डिसग्राफिया आणि अंकांशी निगडित डिस्कॅल्क्युलिया हे तिचे अधिक परिचित प्रकार होत.

कारणमीमांसा थोडक्यात अशी. बोलणे हे मनुष्यमात्राला उपजत येते. ऐकणाऱ्या मुलाला ते कोणी शाळेत घालून शिकवावे लागत नाही. लेखन मात्र अवघ्या पाच हजार वर्षांची कृत्रिम विद्या आहे, आणि ती आत्मसात करताना प्रत्येक बालकाच्या मेंदूला शब्दाचे सुटे ध्वनी पाडणे, त्यांची कागदावरील खुणांशी गाठ घालणे आणि ती गाठ इतकी पक्की करणे की वाचताना तिची आठवणही होऊ नये, हे सारे नव्याने साधावे लागते. काही मुलांच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धातील, या कामाशी संबंधित असलेल्या भागांची जुळणी जन्मतःच निराळी असते. पुष्कळदा ती घराण्यात चालत आलेली असते, त्यामुळे मुलाचे निदान झाल्यावर बापालाही आपल्या शाळेतील दिवसांचा उलगडा होतो. हा डोळ्यांचा दोष नव्हे, आईच्या दुर्लक्षाचे फळ नव्हे, आणि वय वाढले म्हणजे आपोआप सुटणारी गोष्टही नव्हे. बुद्धीशी तिचा संबंध नाही, हे तर पुनःपुन्हा सांगावे लागते.

आपण मराठी लोक मोठ्या अभिमानाने म्हणतो की आमची लिपी उच्चारानुसारी आहे. ते बव्हंशी खरे आहे, आणि त्याचा लाभही आहे: इंग्रजीतील मुलासारखे आपल्या मुलाला एकाच अक्षराचे चार उच्चार पाठ करावे लागत नाहीत. परंतु देवनागरीच्या वाटेत निराळ्या खाचा आहेत, आणि त्या ज्याने बालवाचकाच्या शेजारी बसून पाहिल्या नाहीत त्याला सहसा दिसत नाहीत. नुसती बाराखडी घेतली तरी चौतीस व्यंजनांच्या चारशेच्या वर आकृती होतात, आणि त्यानंतर जोडाक्षरांचे दालन उघडते. ‘किरण’ या शब्दात इकाराची वेलांटी ‘क’च्या अगोदर लिहिली जाते, पण उच्चार मागून होतो, ‘पर्वत’ या शब्दात ‘र’चा उच्चार ‘व’च्या आधी होतो, पण रफार जाऊन बसतो ‘व’च्या डोक्यावर. म्हणजे डावीकडून उजवीकडे नजर नेत जावे असे ज्या मुलाला शिकवले, त्यालाच मधूनमधून उलटे चालावे लागते. सामान्य मूल ही कसरत वर्ष-दोन वर्षांत अंगवळणी पाडते. डिस्लेक्सिया असलेले मूल प्रत्येक वेळी नव्याने अडते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांतील बारीक भेद त्याच्या स्मरणात टिकत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या संशोधनातून असे दिसले की अशा अक्षरमालेवर पूर्ण हुकमत येण्यास चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. देवनागरीची रचना त्याच कुळातील आहे. म्हणून मराठी मुलाची अडचण बहुधा चुकीपेक्षा संथपणातून प्रकट होते. ते अखेर शब्द बरोबर वाचते, पण इतक्या वेळाने आणि इतक्या श्रमाने की ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो. आणि परीक्षक म्हणतो, याला अर्थ कळत नाही.

अंकांच्या बाबतीतही आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि चाळीस मागून, लिहिताना मात्र चार आधी येतो. गणनात दुबळे असलेले मूल ऐकल्याबरहुकूम 74 लिहून मोकळे होते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तेचाळीस’सारख्या शब्दांच्या जोडीला ‘चाळीस सात’ अशी सुटी वाचनपद्धती आली, तेव्हा केवढे वादळ उठले हे वाचकांच्या स्मरणात असेल. विधिमंडळापर्यंत तो वाद गेला. विषयसमितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर, यांनी शांतपणे हेच सांगितले होते की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची संख्यानामे लहान मुलांच्या मनात गणिताची धास्ती निर्माण करतात. ती सुधारणा सर्वच मुलांसाठी होती. परंतु सर्वांच्या सोयीची एखादी गोष्ट केली असता तिचा सर्वाधिक उपयोग ज्याची वाट सर्वांत बिकट आहे त्याला होतो, हे भाषेच्या अभिमानाच्या भरात आपण ध्यानात घेतले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

येथे एक सावधगिरी अवश्य हवी, आणि आष्टीसारख्या ठिकाणी ती विशेष हवी. वऱ्हाडी बोलणारे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते आणि लिहितेही तसेच. ज्या घरी गोंडी बोलली जाते त्या घरच्या मुलाला तर पाठ्यपुस्तकाची मराठी ही दुसरी भाषाच असते. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडालेले मूल मागे पडते, चष्म्याची गरज असलेले मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवते, कानात पू असलेले मूल श्रुतलेखनात गोंधळते. यांपैकी कशालाही अध्ययन-अक्षमता म्हणता येत नाही, आणि म्हणूनच निदानापूर्वी डोळे व कान तपासणे, बुद्धिमापन करणे आणि मुलाला पुरेशी, त्याला कळेल अशा भाषेत शिकवणूक मिळाली होती की नाही याची चौकशी करणे आवश्यक ठरते. मुलींच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते: अडलेला मुलगा वर्गात दंगा करतो म्हणून गुरुजींच्या नजरेत भरतो, अडलेली मुलगी मागच्या रांगेत गप्प बसते, आणि सातवी-आठवीत शाळा सोडते.

आता शासनाच्या तरतुदींकडे वळू. या बाबतीत महाराष्ट्राचे एक श्रेय निर्विवाद आहे. 1995 च्या केंद्रीय अपंग कायद्यात अवघे सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती. तरीही 1996 साली महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास मंजुरी दिली, म्हणजे देशाच्या कायद्यापेक्षा वीस वर्षे आधी. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गणकयंत्र, एखाद्या भाषेऐवजी किंवा बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित व कार्यानुभव, असे त्या सवलतींचे स्वरूप होते, आणि पुढे त्या खालच्या इयत्तांनाही लागू झाल्या. 2007 च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ पडद्यावर येईपर्यंत सामान्य माणसाने डिस्लेक्सिया हा शब्दही ऐकला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते.

2016 च्या अधिनियमाने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली, आणि 19 एप्रिल 2017 पासून तो अंमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमाने अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते उपाय योजण्याचे कर्तव्य शाळांवर घातले. सतराव्या कलमाने शाळकरी मुलांची पाहणी दर पाच वर्षांनी करण्यास फर्मावले. शेकडा 40 वा अधिक अक्षमतेचा दाखला असलेल्यांना उच्च शिक्षणात 5 टक्के आणि सरकारी नोकरीत 4 टक्के राखीव जागांची सोय केली, ज्या 4 टक्क्यांतील एका टक्क्यात आत्ममग्नता, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांच्याबरोबर अध्ययन-अक्षमतेचाही वाटा आहे. जानेवारी 2018 च्या अधिसूचनेने दाखल्याची रीत ठरवली: तिसरीत किंवा आठव्या वर्षी प्राथमिक चाचणी, आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच दाखला, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी, आणि अठराव्या वर्षीचा दाखला जन्मभरासाठी.

दाखला हातात असूनही हक्क मिळतोच असे नाही, याचाही अनुभव येऊन चुकला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमानुसार मिळावयाचा तासाभराचा जादा वेळ परीक्षा-केंद्रावर नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयातून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये न्यायालयाने, फेरपरीक्षेचा हुकूम दिला नाही तरी, झालेला अन्याय दूर कसा करावयाचा याचा विचार परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने आठवड्याच्या आत करावा, असा आदेश दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने स्पष्ट केले होते की लेखनिकाची सोय शेकडा 40 चा दाखला असणाऱ्यांपुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही. हे दोन्ही निकाल पालकांनी माहीत करून घ्यावेत असे आहेत.

परंतु माझा मुद्दा याच्या अलीकडचा आहे. सवलत ही परीक्षेची बाब आहे. शिकवणे ही निराळी बाब आहे. आपल्या धोरणाचे वजन गेली तीन दशके दहावी-बारावीच्या परीक्षेकडे झुकलेले राहिले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात वर्षानुवर्षे अशा मुलांची तपासणी झाली, आणि तेथून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत निदानाच्या वेळचे सरासरी वय अकरा वर्षांच्या पुढे दिसते. ती मुलेही इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील होती. महानगरात, महापालिकेचे मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना, इंग्रजी शाळेतील जागरूक पालकांच्या मुलाचे निदान सहावीत होते, तर आष्टी तालुक्यातील एखाद्या दोन-शिक्षकी शाळेतील मुलाचे केव्हा होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. वाचनाचा पाया पहिली ते तिसरी या वर्षांत पडतो, आणि त्या वयात दिलेली मदत जितकी फलदायी होते तितकी नंतरची होत नाही, यावर या विषयातील संशोधकांचे बरेचसे एकमत आहे. ती वर्षे वाया घालवून दहावीला दिलेला जादा वेळ म्हणजे पात्या गळून गेल्यावर पऱ्हाटीला दिलेले पाणी होय.

मदत म्हणजे तरी काय? औषध नव्हे. सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत 1930 च्या दशकापासून जी पद्धत बसवली, तिचे सार आजही कायम आहे: शब्दाचे ध्वनी कानाने सुटे करावयाचे, एका वेळी मोजकीच अक्षरे घ्यावयाची, ती डोळ्यांनी पाहत, तोंडाने उच्चारत, बोटाने वाळूत किंवा पाटीवर गिरवत मनात उतरवावयाची, आणि मागचे पक्के झाल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. एकट्याला किंवा दोघा-तिघांना मिळून, आठवड्यातून अनेक वेळा, महिनोन्‌महिने हे चालवावे लागते. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टींचा आपल्याकडे तुटवडा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळेत दर दहा आणि त्यावरील इयत्तांत दर पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. त्या प्रमाणाने नेमणुका कायमस्वरूपी झाल्याखेरीज सोळावे कलम कागदावरच राहील.

मराठी मुलाला तपासण्यासाठी मराठी साधनच नाही, ही सबब मात्र आता उरलेली नाही. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘डाली’ ही चाचणीमालिका 2015 साली हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आली. तिच्यात पहिली-दुसरीच्या आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांनी वापरावयाची निरनिराळी प्राथमिक चाचणी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2022 साली ‘प्रशस्त’ ही पडताळणी-सूची काढली, जिचा पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरावयाचा असतो. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथे सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा येते, आणि त्याने तपासावयाच्या अवस्थांच्या यादीत अध्ययनातील दोषाचाही समावेश आहे. म्हणजे साखळीच्या कड्या तयार आहेत; त्या एकमेकींत अडकवण्याचे काम तेवढे राहिले आहे, आणि त्यातील पहिली कडी रुग्णालयात नसून दुसरीच्या वर्गात आहे.

याच जिल्ह्यात, वर्धा येथे, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने तिच्या ठरावांना योजनेचे रूप दिले: मातृभाषेतून शिक्षण, आणि हस्तोद्योग हे त्याचे केंद्र. त्या योजनेत अध्ययन-अक्षमतेचा विचार नव्हता, पण ज्याची बुद्धी हातांतून आणि कानांतून चालते अशा मुलाला तिच्यात मानाची जागा होती, हे आज विशेषत्वाने जाणवते. मात्र त्या परंपरेचा आधार घेऊन कोणी असे म्हणू लागेल की या मुलांना वाचन कशाला, त्यांना कार्यानुभव द्या म्हणजे झाले, तर ते मला मान्य नाही. बीजगणित वगळले की विज्ञानशाखेचे आणि अनेक तांत्रिक अभ्यासक्रमांचे दरवाजे बंद होतात. म्हणून विषय सोडण्याची सवलत अगदी शेवटी, सर्व उपाय थकल्यावर आणि मुलाशी बोलून घ्यावी, तर वेळेची व लेखनिकाची सवलत विनासंकोच घ्यावी.

पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा राज्यात पुन्हा सुरू झाल्या आहेत, आणि निदान न झालेले मूल तेथेच पहिल्यांदा नापास ठरण्याचा धोका आहे. तेव्हा आष्टी, आर्वी, कारंजा या भागांतील शाळा व्यवस्थापन समित्यांवर बसणाऱ्या पालकांना माझी विनंती एवढीच की, येत्या सभेत तीन गोष्टी मागाव्यात: दुसरी आणि तिसरीच्या प्रत्येक मुलाची मराठीतून प्राथमिक चाचणी झाली आहे काय याची लेखी नोंद, ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची नावे बालस्वास्थ्य पथकाकडे आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाकडे गेली आहेत काय याचे उत्तर, आणि दाखला हाती येण्याची वाट न पाहता त्या मुलांसाठी रोज अर्ध्या तासाचा स्वतंत्र पाठ. तिसरी मागणी मान्य करण्यासाठी कोणत्याही वरिष्ठ कचेरीची मंजुरी लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर तो पाठ सोमवारपासून सुरू होऊ शकतो.